पंचगंगेचे पूरमैदान: गाळ, पोषकद्रव्ये आणि पाण्याची गुणवत्ता

पंचगंगेचे पूरमैदान म्हणजे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात प्रयाग चिखली येथील संगमापासून शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला सपाट, गाळाने बनलेला प्रदेश होय. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडते तेव्हा हा प्रदेश पाण्याखाली जातो आणि पूर ओसरल्यावर तेथे गाळाचा थर मागे राहतो. शतकानुशतके साचलेल्या या गाळातूनच येथील सुपीक मळईची जमीन तयार झाली. गेल्या काही दशकांत मात्र गाळाबरोबर सांडपाणी, कारखान्यांतील पाणी आणि शेतातील रासायनिक खतांचे अंशही नदीत येऊ लागले. त्यामुळे जी पोषकद्रव्ये जमिनीवर उपकारक ठरतात, तीच पाण्यात अपायकारक ठरू लागली आहेत. हा बदल कसा घडतो, हे समजण्यासाठी गाळ, पोषकद्रव्ये आणि पाणी यांचा परस्परसंबंध लक्षात घ्यावा लागतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या व गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा निर्माण होते, अशी धारणा आहे. या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावतात. कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांजवळून वाहत पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते.

या खोऱ्यातील पर्जन्यमानात फार मोठी तफावत आहे. घाटमाथ्यावरील गगनबावडा येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सुमारे १०० किलोमीटरवरील शिरोळ तालुका पर्जन्यछायेत येतो. म्हणजे पूर ज्या भागात पसरतो, त्या भागातील पावसाने तो येत नाही. तो पश्चिमेकडील डोंगरांतून येतो. शिरोळमध्ये आभाळ निरभ्र असतानाही नदी चढत असते, याचे कारण हेच.

डोंगर उतरल्यावर नदीचा उतार एकदम कमी होतो. पात्र नागमोडी वळणे घेऊ लागते आणि पाण्याचा वेग मंदावतो. त्यातच कृष्णेलाही पूर असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे जाण्यास वाट मिळत नाही. ते मागे फुगते व दिवसेंदिवस शेतांत उभे राहते. यालाच स्थानिक लोक फुगवटा म्हणतात. गाळ साचण्याच्या दृष्टीने हा फुगवटा फार महत्त्वाचा आहे.

गाळाची निर्मिती आणि वहन

पंचगंगेचे खोरे मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे आहे. घाटमाथ्यावर काही ठिकाणी जांभा खडक आढळतो. बेसाल्टची झीज झाली की त्यातून वाळू कमी आणि चिकणमाती अधिक तयार होते. म्हणून येथील पुराचे पाणी तांबूस-तपकिरी व अत्यंत गढूळ असते आणि साचणारा गाळही बारीक कणांचा असतो.

नदी गाळ तीन प्रकारे वाहून नेते. गोटे व जाड वाळू तळावरून घरंगळत जातात. बारीक रेती, पोयटा व चिकणमाती पाण्यात तरंगत जातात. काही खनिजे विरघळून जातात व डोळ्यांना दिसत नाहीत. तरंगणारा गाळ केव्हा खाली बसेल, हे कणांच्या आकारावर आणि पाण्याच्या स्थिरतेवर अवलंबून असते. ०.०५ मिलिमीटर व्यासाचा पोयट्याचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसण्यास सुमारे ७ मिनिटे लागतात. ०.००२ मिलिमीटर व्यासाच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ३ दिवस लागतात. वाहत्या पाण्यातील भोवऱ्यांमुळे तर तो जवळजवळ बसतच नाही.

या साध्या नियमावरून पूरमैदानाची रचना उलगडते. पाणी काठ ओलांडते त्याच क्षणी त्याचा वेग घटतो आणि जाड कण काठालगतच पडतात. त्यामुळे नदीकाठची जमीन किंचित उंच व भुसभुशीत असते. बारीक चिकणमाती मात्र पाण्याबरोबर आत जाते आणि पाणी जेथे कित्येक दिवस उभे राहते अशा सखल भागात बसते. तेथील जमीन भारी, काळी व निचऱ्यास मंद असते. एकाच गावातील काठाची मळई आणि आतील काळवट रान यांतील फरक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले आहेत. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती याच काठाच्या जमिनीशी जोडलेली आहे.

गाळातील पोषकद्रव्ये

वनस्पतींना मोठ्या प्रमाणात लागणाऱ्या पोषकद्रव्यांत नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) ही तीन प्रमुख होत. पाण्याच्या गुणवत्तेच्या दृष्टीने पहिली दोन विशेष महत्त्वाची आहेत, आणि त्यांचा प्रवास एकमेकांहून अगदी वेगळा आहे.

स्फुरद मातीच्या कणांना, विशेषतः लोहाच्या संयुगांना, घट्ट चिकटून राहते. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत लोह विपुल असल्याने येथे हा गुणधर्म ठळकपणे दिसतो. त्यामुळे स्फुरद प्रामुख्याने गाळावर स्वार होऊन प्रवास करते. शेताच्या वरच्या थराची धूप झाली की त्याबरोबर स्फुरदही नदीत जाते. गाळ पूरमैदानावर बसला की तेही तेथेच थांबते.

नत्राचे तसे नाही. युरियासारख्या खतातील नत्राचे जमिनीतील जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीला चिकटत नाही. म्हणून ते पाण्याबरोबर खाली झिरपून भूजलात, चरांत आणि अखेर नदीत पोहोचते. पाणी नितळ दिसत असतानाही त्यात नायट्रेट भरपूर असू शकते. तात्पर्य, पाण्याचा गढूळपणा कमी झाला म्हणजे पोषकद्रव्येही कमी झाली, असे म्हणता येत नाही.

पुराच्या गाळामुळे जमीन सुपीक होते हे खरे असले, तरी त्यास मर्यादा आहेत. पातळ थराने मातीत नवी खनिजे व सेंद्रिय पदार्थ मिसळतात. याउलट पाणी आठवडाभर किंवा अधिक काळ उभे राहिले, तर मातीतील हवा संपते, पिकांची मुळे कुजतात आणि ओली चिकणमाती सुकल्यावर कडक पापुद्रा धरते. जमीन तीच आणि गाळही तोच असला, तरी लाभ की हानी हे पाणी किती दिवस उभे राहिले यावर ठरते.

पूरमैदान: एक नैसर्गिक गाळणी

निरोगी पूरमैदान नदीचे पाणी तीन मार्गांनी स्वच्छ करते. पहिला मार्ग गाळ खाली बसण्याचा. त्याबरोबर स्फुरदही पाण्यातून बाहेर पडते. दुसरा मार्ग वनस्पतींचा. काठावरील लव्हाळी, गवत व झाडे पोषकद्रव्ये शोषून घेतात. तिसरा मार्ग जिवाणूंचा. पाण्याने संपृक्त झालेल्या, हवा नसलेल्या मातीत काही जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचे नत्रवायूत रूपांतर करतात. हा वायू हवेत निघून जातो. या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. नदीतील नायट्रेट कायमचे कमी करण्याचा हा सर्वांत महत्त्वाचा नैसर्गिक मार्ग आहे.

ही तिन्ही कामे होण्यासाठी पाण्याला पसरण्यास जागा आणि थांबण्यास वेळ हवा. नदीकाठी भराव टाकला, ओढे बुजवले, काठावरची झाडी तोडली किंवा मळईची माती वीटभट्ट्यांसाठी खणून नेली, म्हणजे ही गाळणी आक्रसते. पुराची पातळी त्यामुळे वाढतेच. शिवाय पाणी स्वच्छ होण्याची क्षमताही घटते. या दुसऱ्या हानीकडे सहसा लक्ष जात नाही.

पोषकद्रव्यांचे आजचे स्रोत

पंचगंगेत येणाऱ्या पोषकद्रव्यांचे तीन मुख्य स्रोत आहेत.

१. शहरी व ग्रामीण सांडपाणी: कोल्हापुरातील जयंती नाला आणि इचलकरंजीतील काळा ओढा हे सांडपाण्याचे परिचित मार्ग आहेत. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले. तथापि नदीकाठच्या अनेक गावांचे सांडपाणी थेट ओढ्यांत जाते. सांडपाण्यात नत्र व स्फुरद या दोहोंचे प्रमाण मोठे असते. नेहमीच्या प्रक्रियेने सेंद्रिय पदार्थ बऱ्याच अंशी कमी होतात, पण विरघळलेली पोषकद्रव्ये त्या प्रमाणात कमी होत नाहीत.

२. उद्योग: इचलकरंजी हे वस्त्रोद्योगाचे केंद्र असून तेथील कापड-प्रक्रिया उद्योगांतून रंग व क्षार असलेले पाणी बाहेर पडते. खोऱ्यात साखर कारखाने व मद्यार्क प्रकल्पही आहेत. मळीपासून मद्यार्क काढल्यानंतर उरणाऱ्या द्रवात सेंद्रिय पदार्थ अतिशय तीव्र प्रमाणात असतात. असा द्रव थोडा जरी नदीत मिसळला, तरी पाण्यातील प्राणवायू वेगाने संपतो.

३. शेती: ऊस हे या पूरमैदानाचे मुख्य पीक आहे. महाराष्ट्रात आडसाली उसासाठी दर हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी शिफारस प्रचलित आहे. पाटपाण्याने मोकाट सिंचन केले, की यातील नत्राचा मोठा अंश पिकाला न मिळता झिरपून जातो. अतिसिंचनामुळे शिरोळ तालुक्यातील बरीच जमीन क्षारपड झाली आहे. ती सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा केला जातो. जमिनीच्या दृष्टीने हा उपाय गुणकारी आहे; मात्र निचऱ्याच्या पाण्याबरोबर क्षार व नायट्रेट पुन्हा ओढ्यांवाटे नदीकडे जातात.

बंधारे आणि ऋतुचक्र

पंचगंगेच्या पाण्याची गुणवत्ता ऋतूनुसार बदलते. तिच्या या चक्रात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा मोठा वाटा आहे. या बंधाऱ्यात नदीपात्रात दगडी खांब असतात आणि त्यांच्या खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवून पाणी अडवले जाते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले जातात व पावसाळा संपत आल्यावर पुन्हा घातले जातात. पुराचे पाणी आणि त्याबरोबरचा बहुतेक गाळ निर्वेध पुढे जावा, ही यातील योजना आहे. पक्क्या धरणाप्रमाणे हे बंधारे गाळाने लवकर भरत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण होय.

उन्हाळ्यात मात्र चित्र बदलते. नदी एकामागोमाग एक अशा संथ डोहांची माळ बनते. वरून येणारे ताजे पाणी कमी होते, सांडपाणी मात्र तेवढेच येत राहते. परिणामी पोषकद्रव्यांचे प्रमाण वाढते. पाणी स्थिर असल्याने गाळ बसतो, पाणी नितळते आणि सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. ऊब, प्रकाश, स्थिरता आणि पोषण हे चारही घटक एकत्र आले, की शैवाल व जलपर्णी झपाट्याने वाढतात.

सुपोषण आणि जलपर्णी

पाण्यात पोषकद्रव्ये प्रमाणाबाहेर वाढून वनस्पतींची अतिरिक्त वाढ होणे यास सुपोषण म्हणतात. नाव शुभ असले, तरी परिणाम तसा नाही. शैवाल दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच वापरते. म्हणून अशा पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे बहुधा सकाळी आढळतात.

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील तरंगती वनस्पती आहे. कोल्हापूर भागात तिला केंदाळ असेही म्हणतात. अनुकूल स्थितीत तिचे क्षेत्र सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिच्या दाट थरामुळे प्रकाश व हवा पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. ती पोषकद्रव्ये शोषते, त्यामुळे ती वेळीच बाहेर काढल्यास पाण्याला लाभ होतो. ती पाण्यातच कुजली तर शोषलेले सर्व परत मिळते आणि कुजण्यात प्राणवायूही खर्च होतो. जलपर्णी हे रोगाचे लक्षण आहे, मूळ कारण नव्हे.

येथे गाळाचा आणखी एक गुणधर्म पुढे येतो. तळाशी प्राणवायू संपला, की लोहाची रासायनिक अवस्था बदलते आणि त्याने धरून ठेवलेले स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळे होते. म्हणजे बाहेरून येणारे सांडपाणी एकाएकी थांबले, तरी तळातील जुना गाळ काही काळ नदीला पोषकद्रव्ये पुरवत राहतो. सुधारणेचे फळ उशिरा दिसण्याचे हे एक कारण आहे.

पाण्याची गुणवत्ता आणि आरोग्य

स्वच्छ पाण्यात २५ अंश सेल्सिअस तापमानाला दर लिटरमागे साधारणतः ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. स्नानयोग्य नदीपाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट विशेषतः तान्ह्या बालकांना धोकादायक ठरते, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही.

केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पंचगंगेचाही समावेश होता. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयासमोरही गेला.

२०१२ मध्ये इचलकरंजी शहरात काविळीची मोठी साथ आली. सांडपाण्यात येणारे विषाणू व जिवाणू हे पोषकद्रव्यांहून वेगळे असले, तरी दोहोंचा मार्ग एकच असतो. पंचगंगेच्या काठी वसलेल्या या शहराने पिण्यासाठी कृष्णेचे पाणी आणले. वारणा व दूधगंगा या नद्यांतून पाणी आणण्याचे प्रस्तावही पुढे आले आणि त्यांना त्या नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला. एक नदी बिघडली, की तिचा भार शेजारच्या नद्यांवर आणि त्यांच्या काठच्या लोकांवर पडतो, याचे हे उदाहरण आहे.

महापूर

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगा व कृष्णा यांना महापूर आले. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. या पुरांत कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाटा किती, हा दोन राज्यांतील वादाचा विषय राहिला आहे.

महापुरात पाण्याचे प्रमाण एवढे मोठे असते, की प्रदूषके पातळ होतात. परंतु त्याच वेळी गटारे, शौचालयांच्या टाक्या, खतांची गोदामे आणि गोठे पाण्याखाली जातात आणि त्यांतील घाण गाळाबरोबर घरांत, विहिरींत व शेतांत पसरते. म्हणून आजचा पूरगाळ पूर्वीच्या गाळासारखा केवळ डोंगरातील माती नसतो. पूर ओसरल्यावर विहिरी उपसून निर्जंतुक करणे आणि शेतात खत घालण्यापूर्वी मातीची तपासणी करणे यामुळे अगत्याचे ठरते.

महापुराइतकाच पहिल्या पावसाचा काळही नाजूक असतो. उन्हाळाभर डोहांत साचलेले दूषित पाणी आणि तळातील काळा गाळ पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम खाली येतो. प्राणवायूहीन गाळ ढवळला गेल्याने मासे मोठ्या संख्येने मरू शकतात. नदीला पाणी आले, तरी ते पाणी त्या घटकेला चांगले असतेच असे नाही.

उपाययोजना

पोषकद्रव्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी ती नदीत येण्यापूर्वीच अडवणे हा सर्वांत परिणामकारक मार्ग होय.

सांडपाण्यावर प्रक्रिया करताना सेंद्रिय पदार्थांबरोबर नत्र व स्फुरद काढण्याची सोय करणे आवश्यक आहे. प्रक्रिया केलेले पाणी शेतीस दिल्यास त्यातील पोषकद्रव्यांचा उपयोगही होतो. शेतीत माती परीक्षणानुसार व हप्त्या-हप्त्याने खत देणे, ठिबक सिंचन करणे, उसाचे पाचट न जाळता आच्छादन म्हणून वापरणे आणि ताग किंवा धैंचा यांसारखी हिरवळीची खते घेणे यांमुळे खताचा अपव्यय आणि मातीची धूप दोन्ही कमी होतात. नदीकाठी व ओढ्याकाठी गवत व झाडांचा पट्टा राखल्यास शेतातून वाहून येणारा गाळ तेथेच अडतो. कोल्हापुरात गणेशमूर्तींचे विसर्जन नदीऐवजी इराणी खणीत करण्याची पद्धत रुजत गेली, हेही याच दिशेचे पाऊल आहे.

पूरमैदानासाठी महाराष्ट्रात निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दर्शवते. या रेषांचा विचार बहुधा जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणापुरता होतो. वस्तुतः निळ्या रेषेच्या आतील मोकळी जागा ही नदीचे पाणी गाळणारी जागाही आहे.

सांस्कृतिक संदर्भ

नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पुराचे पाणी चढून पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा मानला जातो. या वेळी भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पूर हा संकट असूनही आदराने स्वीकारण्याची ही परंपरा पूरमैदानावरील जीवनाशी सुसंगत आहे. ज्या पाण्याला तीर्थ मानून लोक त्यात उतरतात, ते स्नानास योग्य असावे, ही अपेक्षा म्हणूनच येथे नियमावलीपुरती उरत नाही. ती श्रद्धा व सार्वजनिक आरोग्य या दोहोंशी निगडित आहे.